तांब्याच्या तारेची फुलगाठ

जुनी जीप उघडली की तिच्यावर आधी काम केलेल्या सगळ्या मेकॅनिकांची ओळख होते. कोणी ग्रीस असं थापलेलं असतं, जणू लग्नात पुरणपोळीवर तूप वाढतोय. कोणी वॉशर विसरलेला असतो. कोणी जिथे पाना चालत नाही तिथे सरळ हातोडा चालवलेला असतो. या माणसांना मी कधी भेटलो नाही, पण त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार मात्र रोज केला. हाताची सवय लोखंडात राहते. चेहरा विसरता येतो, हात विसरता येत नाही.

मी कुंभकोणम्‌चा, मेलकावेरीत आमचं घर. तंजावरात मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा आमचे पूर्वज खाली आले आणि त्यांचं परत जायचं राहून गेलं. दाराच्या आत मराठी, बाहेर तमिळ, अशी आमची वहिवाट. आमची मराठी इतकी जुनी की पुण्याला माझ्या व्याह्यांना ती ऐकून हसू आवरत नाही. हा लेख मुलीने नीटनेटका करून दिला आहे. घरातली बोलणी मात्र मी तिला बदलू दिली नाहीत.

थोरला भाऊ अण्णा आणि मी मिळून गॅरेज चालवायचो. जीप ही आमची खासियत. गिऱ्हाइकं एकेक नमुने. तिरुप्पनंदाळकडचे एक जमीनदार राहुकाळात किल्ली फिरवू द्यायचे नाहीत. स्वतः घड्याळ घेऊन बाकड्यावर बसायचे आणि आम्हीही त्यांच्याबरोबर हात बांधून बसायचो. त्यांच्या जीपची मागची सीट फाटून आतला काथ्या बाहेर आला होता. ती बदलू का म्हटलं तर म्हणाले, "आप्पा शेवटचे तिथं बसले होते. गाडी नीट कर, पण आप्पा उठतील इतकी हलवू नकोस." ते गेल्यावर मी पोट धरून हसलो. अण्णा हसला नाही. त्याने ती सीट न काढता, तिच्या बाजूबाजूने हात घालून सगळं काम केलं. गुडघे सोलवटून घेतले, पण सीटला धक्का लावला नाही.

अण्णाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जीप डांबरी रस्त्यासाठी नसते. वाळू, चिखल, बांध, खडक यांवरून ती चालते आणि हादऱ्यांनी तिचे बोल्ट आपोआप सैल होतात. म्हणून जपून काम करणारा मेकॅनिक बोल्टाच्या डोक्याला बारीक भोक पाडतो, त्यातून तार ओवतो आणि एका बोल्टाला दुसऱ्याशी बांधून टाकतो. एक सुटायला लागला की दुसरा त्याला धरतो. तार सगळेच पिळतात. अण्णा पिळत नसे, तो गाठ मारत असे, आणि ती गाठ गजऱ्याची होती. आमच्याकडे फुलं सुईने ओवत नाहीत. केळीच्या सोपाच्या धाग्याने दोन फुलं इकडे, दोन तिकडे अशी बोटांवरच बांधत जातात. वैनींनी, म्हणजे अण्णाच्या बायकोने, लग्नानंतर ओसरीवर बसून त्याला ती गाठ शिकवली होती. त्याने ती तांब्याच्या तारेत उतरवली. मलाही शिकवायला बघितलं, पण माझी गाठ पहिल्या खड्ड्यालाच हात जोडायची. त्या गाठीची तार पकडीने कापावी लागते. सोडू म्हटलं तर सुटत नाही, आणि कापली तरी तिच्यात पडलेली वळणं मोडत नाहीत.

दुसरी सवय: बोल्ट आवळून झाला की तो पान्याच्या दांड्याने त्यावर टक टक करायचा. आवाज घट्ट आला की पुढच्या बोल्टाकडे. वैनी स्वयंपाकघरातून ते ऐकायच्या आणि टकटक थांबली की पान वाढायला घ्यायच्या.

एका पावसाळ्यात कोळ्ळिडम् नदीच्या वाळूत कोणाची तरी जीप रुतली. अण्णा पिशवी घेऊन गेला. जीप निघाली आणि मालक ती घेऊन पलीकडे गेला. अण्णा वाळूवर पसरलेली अवजारं गोळा करायला मागे राहिला. तेवढ्यात वरच्या बंधाऱ्यातून सोडलेलं पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्याची पिशवी वेळूच्या बेटात अडकलेली मिळाली. अण्णा मिळाला नाही. समुद्रापर्यंत शोधलं.

त्यांना मूलबाळ नव्हतं. वैनी आमच्याकडेच राहिल्या, कुंकू लावत राहिल्या, रोज सकाळी ओसरीवर फुलं बांधून अर्धी देवाला आणि अर्धी स्वतःच्या केसांत माळत राहिल्या. आमचे वाध्यार, म्हणजे भटजी, दरवर्षी श्राद्धपक्षात आठवण करून द्यायचे. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तो दिल्याशिवाय श्राद्ध नाही, सुटका नाही. पण तो दिला की त्याच दिवशी बायको विधवा. म्हणून मी कधी जोर केला नाही. यंदा मात्र माझीच तब्येत कुरकुरायला लागली. माझ्यामागे अग्नी देणारं घरात कोणी उरणार नव्हतं. मी भीत भीत विषय काढला. वैनींनी हातातला गजरा पुरा बांधला आणि मग म्हणाल्या, "सरी. तै महिन्याचे अमावाशेस कर." सरी म्हणजे बरं, आणि तै अमावास्या म्हणजे आपल्याकडची पौषाची. वाध्यारांना कळवून टाकलं.

आणि मग ती जीप आली.

गॅरेज मी केव्हाच बंद केलं होतं. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे हौसेने एखादं काम घेतो. गोविंदपुरम्‌चे मुकुंदराव पितळी भांड्यांचे व्यापारी, विठ्ठलाच्या भजनात पुढे उभे राहणारे, आणि जुन्या वस्तूंचं वेड असलेले. त्यांनी कोळ्ळिडम् जिथे समुद्राला मिळते तिकडच्या एका कोळंबीच्या तळ्यावरून एक जुनी पेट्रोल जीप उचलून आणली होती. "सुंदरराव, हें वंडी तुमचे हातानें जिवंत जाहली पाहिजे," म्हणाले. वंडी म्हणजे गाडी. खारं वारं खाऊन पत्रा पापडासारखा झाला होता. खालच्या भागात हात घातला की गंज ओंजळीत यायचा. अशी गाडी बघितली की शहाणा माणूस भंगारवाल्याला फोन करतो. मी हो म्हणालो. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती, घरात वैनी आणि मी दोघंच. वेळ खायला उठला होता.

आधी बॉडी उतरवली. मग ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे वळवणारी पेटी, घासून काढली. चिखल निघाला, मीठ निघालं, आणि त्याखाली तांबं चमकलं. बोल्टांच्या डोक्यांतून तार ओवलेली होती. दोन इकडे, दोन तिकडे. फुलगाठ.

मी तिथेच फरशीवर बसलो. मग स्वतःला समजावलं की अण्णाने तेव्हा शेकड्याने जीपा केल्या, त्यातलीच एक असेल. इतकं साधं आहे. तार कापून पेटी उघडली. आत ऑइल सील होतं, तेल गळू नये म्हणून बसवतात ते रबराचं कडं. ते बघितलं आणि उजेडात नेऊन पुन्हा बघितलं. त्या प्रकारचं सील आमच्या बाजारात आलं तेव्हा अण्णाला जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आणि गाठ त्या सीलच्या वर होती. म्हणजे सील बसवल्यानंतर मारलेली.

मनात पहिल्यांदा आलं ते असं की अण्णा जिवंत आहे. कुठेतरी, कोणत्यातरी किनाऱ्यावर, कदाचित स्वतःचं नावगाव विसरून, पण हाताची सवय न विसरता. आणि आपण त्याचा पुतळा जाळायला निघालो आहोत. जिवंत माणसाला अग्नी द्यायचा आणि कुंकू पुसायला लावायचं, याच्याहून मोठं पाप कोणतं? मी वैनींना काही बोललो नाही. खात्री झाल्याशिवाय त्यांच्या आशेला हात लावायची माझी छाती नव्हती. मोबाईलवर गाठीचा फोटो काढून ठेवला आणि मुकुंदरावांना सांगितलं, जिथून गाडी आणलीत तिथे जाऊन विचारा, हिच्यावर कोण मेकॅनिक हात फिरवायचा. कारण सांगितलं नाही.

त्यानंतर जे जे उघडलं त्यात तो होताच. स्टिअरिंग बॉक्सवर गाठ. पुढच्या डिफरन्शियलवर, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गोळ्यावर, गाठ. एक गोष्ट मला झोंबायला लागली. जिथे मी चुकणार होतो तिथे आधीच काम नीट करून ठेवलेलं असायचं. एके दिवशी ठरवलं की उद्या किंग पिनची शिम, म्हणजे पुढच्या चाकाच्या खिळीखालची पातळ चकती, एकाने कमी करावी. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर कमी केलेलीच होती. म्हातारपणी विसरायला होतं, म्हणून मीच केली असेल म्हटलं. आपली समजूत घालण्यात मी पटाईत आहे.

एका दुपारी आम्ही जेवत होतो. वैनी वाढता वाढता थांबल्या.

"शेडांत कोण असे?"

"कोणी नाही वैनी. मी इथं बसलों."

"टक टक वाजलें."

मला काही ऐकू आलं नव्हतं. उन्हाने पत्रा तापतो, लोखंड पसरतं, आवाज होतो, असं मी त्यांना रीतसर समजावलं. त्या ऐकत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. मग त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. टकटक थांबल्यावर वाढतात तसं आणखी एक पान मांडलं. मांडल्यावर क्षणभर त्याकडे बघितलं आणि उचलून ठेवलं.

"हात आपलेआप गेला," म्हणाल्या.

पुढे ते रोजचंच झालं. भर दुपारी, ऊन पत्र्यावर असताना, वैनी कान टवकारायच्या. मी ऐकायला धडपडायचो. मला कावळे ऐकू यायचे, पलीकडच्या रस्त्याची बस ऐकू यायची, टकटक नाही.

मधे आयुधपूजा आली. आमच्याकडे नवमीला सगळी अवजारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, प्रत्येकाला चंदन आणि कुंकवाचा टिळा लावतात, पोरी, म्हणजे चुरमुरे, आणि पुटाण्यांचा नैवेद्य दाखवून वर कोरं वस्त्र झाकतात. दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत अवजाराला हात लावायचा नाही. स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नाही. डॉक्टर असो, शिंपी असो, सगळ्यांची हत्यारं त्या दिवशी झोपलेली असतात. मी ट्रान्सफर केस नवीन सील घालून पुन्हा बंद केली होती, पण बोल्ट फक्त बोटांनी फिरवून ठेवले होते. पाना मुद्दामच लावला नव्हता, तारही ओवली नव्हती. पूजेनंतर शेडला कुलूप घातलं आणि किल्ली देवापाशी ठेवली.

दशमीला सकाळी आंघोळ करून वैनी आणि मी शेड उघडली. वस्त्र जागच्या जागी. खाली पाने, पकडी, हातोडे, सगळ्यांवरचे टिळे जसेच्या तसे, कुठे पुसटसुद्धा नाहीत. मी सवयीने जीपखाली वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. बोल्ट आवळलेले होते. डोक्यांतून नवी कोरी तांब्याची तार गेली होती. दोन इकडे, दोन तिकडे.

मला पहिली शंका जी आली ती वाचकांनाही आली असेल. मी वळून वैनींच्या बोटांकडे बघितलं. गाठ त्यांचीच, किल्ली घरातच होती. पण बोटांनी गाठ मारता येते, बोल्ट आवळता येत नाही. मी पूजा करून मोठा पाना काढला आणि लावून पाहिला. दोन्ही हातांचा जोर लावला तरी तो बोल्ट तसूभर हलला नाही.

वैनी खाली बसल्या. लुगड्याचा पदर सावरून त्यांनी जीपखाली हात घातला आणि गाठीवरून अंगठा फिरवला, गजरा नीट बांधला गेला का ते बघतात तसा.

"हें किती दिवसांपासून देखतोस तूं?" त्यांनी विचारलं.

मग मला सगळं सांगावं लागलं. सील, गाठी, मुकुंदरावांना पाठवलेला निरोप. शेवटी म्हणालो, "वैनी, अण्णा जिवंत असेल. आपण अमावास्येचं रद्द करूं. मी वाध्यारांस सांगतों."

त्यांनी अंगठा पदराला पुसला. उठून घरात गेल्या.

मुकुंदराव थोड्याच दिवसांत आले. स्वतः किनाऱ्यावर जाऊन आले होते बिचारे. कोळंबीवाल्यांनी सांगितलं, आमच्याकडे मेकॅनिक कधी नव्हताच. एका पुरानंतर ती जीप नदीच्या मुखाशी गाळात रुतलेली दिसली, कोणी मालक आला नाही म्हणून ओढून शेडमध्ये ठेवली. किल्ली मारली की चालू व्हायची. वाळूत राबराब राबवली, पण कधी पाना लावावा लागला नाही. मग एक दिवस आपोआप बंद पडली आणि तशीच पडून राहिली.

"कधी बंद पडली?" मी विचारलं.

"सांगतां येत नाहीं म्हणाले. पण आतांच. ह्याच वर्षीं."

ते गेल्यावर वैनी ओसरीवर आल्या. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी पुन्हा तेच सुरू केलं, की आशा आहे, शोधू, किनाऱ्यावर मीच जातो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"सुंदरा, जिवंत माणूस पायानें येतो. दारांत उभा राहून हाक मारतो. असा लोखंडांतून येतो काय?"

त्या फुलं घेऊन खाली बसल्या.

"मी अग्नीस होय म्हटलें, तेव्हां ते निघाले तेथून. इतकीं वरुषें मीच बांधून ठेविलें त्यांस. रोज सकाळीं बांधलें." त्यांच्या मांडीवर त्या दिवसाची फुलं होती. "जेवायास येतात रे दुपारीं. मी पान मांडतें आणि उचलतें. त्यांस उपाशी किती दिवस ठेवूं?"

एवढं बोलून त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मीही रडलो. अण्णा गेला तेव्हा शोधण्याच्या धांदलीत रडायचं राहूनच गेलं होतं, ते त्या दिवशी ओसरीवर झालं.

अमावास्येच्या आत जीप पुरी झाली. स्टिअरिंग बॉक्स आणि डिफरन्शियल बंद केल्यावर त्यांवरही दुसऱ्या सकाळी नवी फुलगाठ दिसली होती. इंजिन चालू केलं आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला लावून लाकडी मूठ कानाला लावली. आमचा स्टेथोस्कोप म्हणा. आत काय चाललंय ते हाडातून ऐकू येतं. चारी सिलिंडर सुरेख बोलत होते. त्यांच्या मागे, खोलवर, टक टक. असा आवाज बहुधा टॅपेटचा असतो, म्हणून मी ते पुन्हा लावून पाहिले. तरी टक टक. इंजिन बंद केलं आणि मूठ तशीच कानाला धरून ठेवली. टक टक. मी स्क्रू ड्रायव्हर हळूच काढून घेतला आणि तेवढ्यापुरतं माझं मेकॅनिकपण तिथेच संपलं असं कबूल केलं.

तै अमावास्येला मुकुंदरावांची परवानगी घेऊन आम्ही कावेरीच्या घाटावर त्याच जीपमधून गेलो. वैनी पुढच्या सीटवर बसल्या, केसांत फुलं, कपाळावर मोठं कुंकू. घाटाच्या कडेला वाध्यारांनी पळसाची पानं आणि दर्भ मांडला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. पुतळा आता लोकरीच्या धाग्याने बांधायचा होता. मी धागा घेतला तर वैनी म्हणाल्या, "दे इकडे."

वाध्यार दचकले. "अम्मा, हें बायकांचें काम नव्हे."

"गाठ मी शिकविली त्यांस," वैनी म्हणाल्या.

वाध्यारांनी तोंड नदीकडे वळवलं, जणू काही दिसत नाही. वैनींनी पुतळा बांधला. दोन पानं इकडे, दोन तिकडे. बांधून झाल्यावर बोटाच्या पेराने त्यांनी नारळावर टक टक केलं. आवाज घट्ट आला. मग त्या बाजूला झाल्या आणि मी अग्नी दिला. पळसाची पानं वाळलेली असूनही हळूहळू जळली. धागा शेवटपर्यंत दिसत होता, आणि मग तो दिसेनासा झाला. वैनींनी केसांतली फुलं काढून पाण्यात सोडली. नंतरचं जे असतं तेही झालं. ते मी लिहिणार नाही.

स्नान करून ओलेत्यानेच आम्ही जीपकडे आलो. निघण्यापूर्वी खाली एकदा नजर टाकायची ही माझी जुनी सवय. वाकलो. ट्रान्सफर केसच्या खाली, घाटाच्या दगडावर, तांब्याची तार पडलेली होती. उचलली. कापलेली नव्हती, तुटलेली नव्हती. तिच्यात एकसुद्धा वळण नव्हतं, रिळावरून नुकती उतरवून ताणून धरावी तशी सरळ. स्टिअरिंग बॉक्सखालीही तशीच. पुढे डिफरन्शियलखालीही तशीच.

मी त्या सगळ्या तारा वैनींच्या हातात दिल्या. त्यांनी त्या एकेक करून बोटावरून ओढून पाहिल्या.

"सुटले," म्हणाल्या, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

जीप आता गोविंदपुरम्‌ला असते. मुकुंदराव तिला मिरवतात, भजनाच्या दिवशी टाळ-मृदंग तिच्यातूनच जातात. मोबाईलमधला गाठीचा फोटो मुलीने बघितला. "बाबा, तार आहे खरी, पण कोणीही बांधली असेल," म्हणाली. असेलही. मुकुंदरावांनी एकदा विचारलं होतं, बोल्टांना नवी तार ओवायची काय? मी स्क्रू ड्रायव्हर लावून ऐकलं. चार सिलिंडर, आणि मागे काही नाही. तार ओवली, पण माझ्या पद्धतीने, साधी पिळून. दर महिन्याला जाऊन बोल्ट आवळून यावे लागतात. इतर कुठल्याही जीपसारखे ते आता सैल होतात.